औशाची यादी

जालन्याच्या मोंढ्यात, सरकीच्या गोदामावर
आमची खोली. पत्रे तापलेत.
तोष्णीवालनं बियाण्याच्या कॅलेंडरचा मे महिना फाडला,
पाठकोऱ्या बाजूला लिहिलं:
सेलू, परभणी, नांदेड, उदगीर, औसा.
पाच गावं, चार म्हातारे, एक टेम्पो.

पहिलं गाणं कोणतं, यावर वाद नाही.
ज्यात सॅमला ओरडावं लागत नाही, ते.
एकेकाळी काळी चारमध्ये आभाळ फाडायचा त्रिभुवन,
आता पांढरी एकवर उतरलाय
आणि म्हणतो, आभाळच वर सरकलं रे,
मी आहे तिथंच आहे.

मुजीबचं मत गुडघ्यातून येतं.
'लागोपाठ दोन जलद नक्को बाबा. मधी एक थंड ठेवा,
नाहीतर पायातला ड्रम तुमचा बाप वाजवंल.'
मला कुणी विचारत नाही. मी बेस वाजवतो.

सहाव्या गाण्यात तोष्णीवालचा कीबोर्ड लांबवलाय.
लोकांना वाटतं, तंद्री लागली.
तेवढ्यात सॅम मंचामागं जाऊन येतो,
प्रोस्टेट,
आणि टाळ्या तोष्णीवालला पडतात.

'गच्चीवरची' काढायचं का?
जिच्यावर लिहिलं ती बँकेतून रिटायर झाली.
परभणीला पहिल्या रांगेत बसते नातवाला घेऊन,
दुसऱ्या कडव्यात ओठांनी
आमच्याआधी पोचते.
सॅम म्हणाला, मला वीट आलाय त्या गाण्याचा.
पानावर रेघ मारायला तोष्णीवालनं पेन टेकवला,
तर हाच म्हणाला, थांब.
वीट माझा आहे. गाणं परभणीचं.

नवी तीन आहेत. चांगली आहेत.
नवं सुरू झालं की लोक चहाला उठतात.
एक ठेवलं, नांदेडला,
तिथं कँटीन लांब आहे.

आणि मग औसा.
तिथल्या पोराचा फोन होता, 'काका, "हलव" पाहिजेच.
कुणीतरी जुनी कॅसेट टाकलीय यूट्यूबवर.'
पोरगा शहाण्णवचा.

हलव जमीन, हलव.
दिगंबर खरातनं मेसच्या बिलामागं लिहिलेलं, रागात.
त्याची जमीन म्हणजे सातबारा होती,
आणि त्यावर कधीच नसलेलं त्याच्या आज्याचं नाव.
त्र्याण्णवला, विसर्जनाच्या रात्री,
औशातच वाजवलं, तीनदा. लोक सोडीनात.
सामान भरून निघालो,
लातूर मागं टाकून रेणापूर फाट्यावर चहाला थांबलो.
चारला काही मिनिटं कमी असतील.
बशीतला चहा आपोआप कडेला गेला
आणि परत आला.

दिगंबर तिथूनच उलटा फिरला, मिळेल त्या ट्रकनं.
महिनाभर दगड उपसत होता.
पुढं एसटीत लागला, कंडक्टर.
गाणं पुन्हा लिहिलं नाही,
वाजवू नका असंही कधी म्हणाला नाही.
तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.
आम्हीच ते यादीत लिहायचं विसरत आलो,
एकतीस वर्षं,
न चुकता.

तोष्णीवाल म्हणाला, दोन ओळी बदलू.
सॅम म्हणाला, मेलेल्याच्या ओळी बदलायला
हात कुणाचा लावणार?
मी म्हणालो, ज्यांचं गेलं ते समोर बसलेले असतील.
'नसतील बी,' मुजीब म्हणाला. 'आन् असले, तर
त्यांना कुणी विचारलंय का कधी?'
कुणी विचारलं नव्हतं.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग मुजीबनं, मुद्दाम नसेल,
दोन बोटांनी टेबलावर सुरुवात धरली,
ती आठ मात्रांची, आडवी.
हात विसरले नव्हते.
टेबल जुनं, एक पाय आखूड.
कप वाजायला लागले बशांमध्ये
आणि आम्ही चौघांनी,
मुजीबनंसुद्धा, मोकळ्या हातानं,
एकाच वेळी आपापला कप धरला.

तोष्णीवालनं पेन खिशात घातला,
पेन्सिल मागितली.
कुणाकडेच नव्हती.